घरीच होतो. कुणी आजारी नव्हतं.

आज सकाळी डेअरीवर दुधाच्या रांगेत उभी होते. पुढे शेजारच्या विंगमधल्या काकू. गेल्या आठवड्यात मनालीहून आल्यात. मागे वळून म्हणाल्या, "काय गं, आल्यापासून बघतेय, तू रोज दिसतेस खाली. यंदा कुठे गेला नाहीत?"

म्हटलं, "नाही काकू, घरीच होतो. आत्या आली होती, आतेभाऊ आला होता सगळ्यांना घेऊन. मजा केली."

काकूंचा चेहरा पडला. आवाज खाली आणून म्हणाल्या, "सगळं ठीक आहे ना घरी? ह्यांची नोकरी वगैरे?"

मी दुधाच्या पिशव्या घेतल्या आणि निघाले. डबे झाले, ऑफिस झालं, आत्ता रात्रीची भांडी आवरली, तरी ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. म्हणून लिहितेय. लांब होणार आहे, आधीच सांगते.

माणूस रजा टाकून घरी बसला, तर एक तर पैसे नसणार, नाही तर कुणी आजारी असणार, नाही तर नवरा-बायकोचं पटत नसणार. याच्यापलीकडे काही असू शकतं, हे आजकाल कुणाच्या डोक्यातच येत नाही. ऑफिसमध्येही तेच. मी अकाउंट्सला. मार्च एंडिंग, मग ऑडिट, मे उजाडेपर्यंत माझ्यात काही शिल्लक उरलेलं नसतं. रजेचा अर्ज दिला तर साहेबांचा पहिला प्रश्न, "कुठे?" घरीच म्हटल्यावर त्यांनी अर्जाकडे असं बघितलं, जणू मी रजा वाया घालवतेय. वर म्हणाले, "मग अधूनमधून लॉगिन करशील ना?"

अहो का? मनालीला गेले असते तर केलं असतं का मी लॉगिन?

आणि त्या मनालीचं काय ते पण सांगते, कारण काकूंनीच सांगितलंय सगळं. पहाटे उठून गाडीत बसायचं, वाटेत भाड्याचे कोट आणि गमबूट चढवायचे, रोहतांगला ३,९७८ मीटरवर जाऊन धापा टाकायच्या, मुलांनी बर्फ एकमेकांवर टाकला की फोटो काढायचे आणि पुन्हा गाड्यांच्या रांगेत. काकांचं पोट अजून ठिकाणावर आलेलं नाही. ही ह्यांची सुट्टी, आणि कीव माझी!

हिमालय बघावा माणसाने. मान्य. मीही बघितलाय. पुढे.

आमच्याकडे त्या गुरुवारी काय झालं ते ऐका. आत्या सांगलीहून आलेली, पंचाहत्तरी झाली आहे तिची, पण एसटीने एकटी आली. आतेभाऊ, वहिनी आणि त्यांचा अकरावीतला मुलगा नाशिकहून आले. आमचा टू बीएचके. हॉलमध्ये रांगेने गाद्या. मार्केट यार्डातून पायरीची पेटी आणून ठेवलेली, कारण रसाला पायरीच (हापूसवाल्यांनी कृपया वाद घालू नये, हापूस कापून खायचा). आणि दहा वाजता लाइट गेली. पंखे बंद, मिक्सर बंद, वायफाय बंद. "पाच वाजता येईल," असं वॉचमन सांगून गेला.

वहिनी म्हणाली, जाऊ दे, रस उद्या करू. आत्या उठली. म्हणाली, "मिक्सर कधीपासून लागायला लागला तुम्हाला रसाला?" आणि तिने माझ्या नवऱ्याला, आतेभावाला आणि त्या अकरावीतल्या कार्ट्याला हात धुवून खाली बसवलं. समोर मोठं पातेलं. आंबा दोन्ही हातांत घेऊन आधी मऊ करायचा, साल फुटता कामा नये. मग देठ काढून पहिला थेंबभर चीक बाहेर टाकायचा. मग पिळायचा. कोय आणि साल वेगळ्या वाडग्यात, त्यात थोडं दूध घालून पुन्हा चोळायची, जोपर्यंत कोय पांढरट होत नाही तोपर्यंत सोडायची नाही. माझा नवरा हिंजवडीत मोठ्या टीमचा मॅनेजर आहे. आत्याने त्याची टाकलेली प्रत्येक कोय उचलून त्याला परत दिली. "एवढा रस ठेवतोस? तुझ्या सासऱ्याने बघितलं असतं तर मुलगी दिली नसती."

कोपरापर्यंत केशरी झालेला तो माणूस इतका हसत मी कितीतरी वर्षांत बघितला नव्हता. आणि आम्ही महाबळेश्वरला जायला हवं होतं म्हणे! पसरणीच्या घाटात गाडी बंद करून, काचा खाली करून, पुढच्या टेम्पोच्या मागे काय लिहिलंय ते पाठ करत बसायला!

आता खाली कुणीतरी लिहिणारच की घरी राहिलं की बाईला कसली सुट्टी, उलट आणखी चार माणसांचा स्वयंपाक. लिहा. खरं आहे ते. माझ्या आईने अशाच मे महिन्यांत कंबर मोडून घेतली आणि तिला 'सुट्टी कशी गेली' असं कुणी विचारलं नाही. म्हणूनच मी पहिल्या दिवशीच सगळ्यांना बसवून सांगितलं. पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून येतील. सकाळचा नाश्ता पुरुषांनी बघायचा, उपमा करा नाही तर जाऊन इडली घेऊन या, मला विचारायचं नाही. ज्याने त्याने आपलं ताट घासायचं. कामाच्या मावशींनाही गावाला जायचं होतं, त्यांना पगारी रजा. आतेभावाने पहिल्या दिवशी ताट सिंकमध्ये तसंच ठेवलं आणि पेपर घेऊन बसला. वहिनी उठायला लागली, मी तिचा हात धरून खाली बसवलं. ताट संध्याकाळपर्यंत तिथेच. मग त्याने घासलं. घर काही पडलं नाही.

तर, तो गुरुवार. जेवणं झाली. रस, कुरडया, आत्याने आणलेले पोह्याचे पापड. आणि मग आमच्या पुण्याची दुपार, जिच्यावर सगळ्या महाराष्ट्राने विनोद करून झालेत. करा. एक ते चार आडवं होणं किती मोठी गोष्ट आहे हे, त्या वेळेत ज्याला घामाघूम होऊन कुठलातरी पॉइंट बघायला नेलंय ना, त्याला विचारा. गॅलरीचं दार उघडं टाकून आम्ही सगळे हॉलमध्ये फरशीवर पसरलो. कुणाचं डोकं कुणाच्या उशीवर. मोबाइल मेलेले. त्या पोराला कंटाळा आला, आणि तो म्हणाला, "आपण पानशेतला जाऊ ना उद्या. वॉटर स्पोर्ट्स आहेत तिथे."

आत्या डोळे मिटून पडली होती. तशीच म्हणाली, "मला नको सांगू पानशेत."

आधी थोडं मागचं सांगते. त्याच्या आदल्या दिवशी मी तिला मेट्रोत घेऊन गेले होते. वनाजहून बसलो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलली, तिथून स्वारगेटकडे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तो भुयारी टप्पा सुरू झाला, तेव्हापासून तिला बघायचा होता. माहेर तिचं नारायण पेठ. नातवाने सांगितलं, "आजी, आता आपण मुठा नदीच्या खालून चाललोय." तिने वर बघितलं. डब्याच्या छताकडे. मंडई स्टेशन येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मला वाटलं घाबरली. बाहेर आलो, मंडईत हिंडलो, तिने तोंडली घेतली, भावावरून भांडली, झालं. मी विसरून गेले.

आणि दुसऱ्या दिवशी ती फरशीवर पडून बोलायला लागली. १२ जुलै १९६१. बुधवार. अकरा वर्षांची होती. सकाळी शाळेतून सोडून दिलं, धरण फुटलं म्हणून ओरडा झाला, कुणाचा विश्वास बसेना. पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्याने खाली खडकवासलाही गेलं. लकडी पूल पाण्याखाली गेला हे आपण सगळ्यांनी ऐकलंय, फोटो बघितलेत. पण माझ्या आजीने वाड्यातून निघताना चारही मुलांना सांगितलं होतं की प्रत्येकाने हाताला येईल ती एकच वस्तू घ्यायची आणि पर्वतीच्या दिशेने चालायचं. आत्याने देवांचा डबा घेतला. मोठ्या काकाने कागदांची पिशवी. आणि माझे बाबा, सात वर्षांचे, त्यांनी कैरीच्या लोणच्याची बरणी उचलली. चिनी मातीची, दादरा बांधलेली, जवळजवळ त्यांच्याएवढी. आजीने ओरडून सांगितलं ठेव ती. ठेवली नाही. पर्वतीपर्यंत पोटाशी धरून नेली. नंतर एका शाळेत सगळ्यांना ठेवलं होतं, तिथे ते लोणचं खोलीतल्या सगळ्यांनी मिळून खाल्लं. पावाबरोबर. "तुझ्या बापाला विचारून वाढायचं," आत्या म्हणाली. "मालक तो होता."

आमचे लोक पूरग्रस्त, मग गोखलेनगरला गेले, हे मला माहीत होतं. आजीचं ते गोखलेनगरचं घर मी बघितलेलं आहे. बरणी माहीत नव्हती. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी कधी सांगितलं नाही. आईलाही माहीत नव्हतं, मी रात्री फोन करून विचारलं. जेवताना पहिल्यांदा लोणच्याकडे हात जाणारा तो माणूस, आणि आम्ही त्यांना बीपीवरून बोलायचो.

सगळ्यात राग मला ह्याचा येतो की आत्या गेली पस्तीस वर्षं आमच्याकडे येतेय. लग्नाला, मुंजीला, बारशाला, बाबांच्या दिवसांना. सकाळी यायचं, हॉलवर जेवायचं, आहेराची पाकिटं, फोटो, संध्याकाळच्या गाडीने परत. मध्ये आम्ही तिला अष्टविनायकही करून आणलं मिनीबसने. पाच-पाच मिनिटांत दर्शन आणि "चला चला, पुढचा गणपती अजून लांब आहे." त्यात ती काय बोलणार होती? बरणीची गोष्ट सांगायला माणसाला उताणं पडून छताकडे बघायला लागतं आणि आजूबाजूच्या कुणालाच कुठे जायचं नसावं लागतं.

आणि हल्लीचे नातेवाईक तर काय विचारू नका. पुण्यात येतात आणि हॉटेलात उतरतात. "तुम्हाला त्रास नको." हा त्रास नको म्हणजे आम्हाला नको आहे की तुम्हाला, ते तरी सांगा एकदा. घरात एसी एकाच खोलीत आहे, बाथरूमला नंबर लागतो, कबूल. माझ्या वहिनीलाही पहिल्या रात्री झोप लागली नाही, आत्या घोरते. चौथ्या रात्रीपासून वहिनी पण घोरायला लागली.

मुलांनी जग बघू नये असं मी म्हणत नाहीये. दाखवा, ऐपत आहे तर दाखवा. पण तो अकरावीतला मुलगा, ज्याला पानशेतला बोटीत बसायचं होतं, त्याने लाइट आल्यावर मोबाइल चार्जिंगला लावला आणि पहिली गोष्ट काय केली? ६१ च्या पुराचे फोटो शोधून आजीसमोर धरले. "हे कुठलं? आणि हे?" आजी चष्मा लावून एकेक ओळखत होती. "हा आमच्या मागचा बोळ असेल. नाही, हा नव्हे." रात्री साडेअकरापर्यंत.

शुक्रवारी संध्याकाळी माझी कॉलेजची मैत्रीण आली, कोथरूडला राहते, वीस मिनिटांच्या अंतरावर, आणि आमची गाठ लग्नाच्या हॉलवरच पडते. मी फक्त फोन केला की आम्ही घरी आहोत, ये. "काय आहे घरी?" म्हणाली. काही नाही म्हटलं. काही नाही, ये. आली, नवऱ्याला घेऊन आली. मेंढीकोट रंगला तो एक वाजेपर्यंत. आत्या पार्टनरला खुणा करते, हे जाहीर सांगते. भुवई उडाली की बदाम. पंचाहत्तरीतल्या बाईला पकडायचं कसं, म्हणून सगळे गप्प बसले आणि हरले.

आता माझा राग उतरलाय बराच, लिहिता लिहिता. काकू वाईट नाहीत. त्यांनी काळजीनेच विचारलं, एवढं मलाही कळतं. पण साहेबांवरचा उतरलेला नाही.

दिवाळीला आम्ही पुन्हा घरीच आहोत. ज्यांना यायचंय त्यांनी या, फराळाला आणि चार दिवस राहायला. बॅगेत परतीचं तिकीट घेऊन येऊ नका, आणि दारातच "आम्ही लगेच निघणार हं" म्हणून सुरुवात करू नका. गाद्या आहेत. उशा कमी आहेत, आपली आपण आणलीत तर बरं. पोळ्या केंद्रातून येतील, ताट आपलं आपण घासायचं, जावईबापूंसकट. आत्या येणार आहे. मेंढीकोटला तिचा पार्टनर व्हायला माझ्या नवऱ्याने आत्ताच नंबर लावलाय.

ता. क. फोटो विचारू नका. लाइट नव्हती, मोबाइल मेलेले होते, आणि सगळ्यांचे हात आंब्याचे होते.