पिवळा ठिपका म्हणजे ‘सेकंडचा माल’ नाही

मागच्या शनिवारी सिन्नरचे मामा माझ्या दुकानात आले. डिझायरला चार नवे टायर टाकायचे, अलाइनमेंट करायची आणि सोमवारी पहाटे समृद्धीने नागपूरला लेकीकडे निघायचं, असं आठवडाभर आधी ठरलं होतं. मी टायर काढून आणले, पहिला नग मशीनवर ठेवला. मामांनी खिशातून फोन काढला, त्यावर आलेला एक मेसेज बघितला, टायरच्या बाजूवरचा पिवळा ठिपका बोटाने चाचपला आणि म्हणाले, “हा सेकंडचा माल आहे रे. निदान भाच्याने तरी असं करू नये.”

सतरा वर्षं मी हेच काम करतोय. मी समजावलं, पोरांनी समजावलं. मामा ऐकेनात. चारही नवे टायर तिथेच ठेवून ते गेले आणि सोमवारी जुन्याच टायरांवर नागपूरला निघाले. ते जुने टायर 2016 सालच्या 41व्या आठवड्यातले. बाजूला बारीक भेगा पडलेल्या, आणि पुढच्या दोन टायरांच्या खाचा इतक्या झिजलेल्या की आतली झीज दाखवणारी पट्टी वरच्या रबराच्या बरोबरीला आलेली. त्या टायरांवर साडेपाचशे किलोमीटर सिमेंटचा रस्ता, सोबत मामी आणि दोन नातवंडं. नागपूरहून फोन येईपर्यंत मला चैन पडलं नाही. म्हणून आज दुकान अर्धा दिवस बंद ठेवून हे लिहितोय.

मामांच्या फोनवरचा मेसेज ज्यांच्याकडे अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘टायरवाले हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत’ अशी त्याची सुरुवात. पुढचे मुद्दे असे: लाल ठिपका म्हणजे फर्स्ट क्वालिटी आणि पिवळा म्हणजे सेकंड, पिवळा दिसला की परत करा. टायरवरचे रंगीत पट्टे म्हणजे वेगाची मर्यादा, हिरवा 120, पिवळा 100, लाल 80. ठिपका वॉलसमोर, म्हणजे हवा भरायच्या नळीसमोर नसेल तर टायर हायवेवर फुटतो. ठिपका वॉलसमोर घेतला तर बॅलन्सिंगचे, म्हणजे छोटी वजनं लावून चाक समतोल करण्याचे, पैसे देऊ नका. पिवळ्या ठिपक्याच्या टायरमध्ये उन्हाळ्यात हवा पाच पॉइंट (पीएसआय, हवेच्या दाबाचं माप) कमी ठेवा. वॉलवर हिरवी टोपी असेल तरच आत नायट्रोजन आहे. आणि शेवटी, टायरवरचा चार आकडी नंबर बघून तारीख तपासा.

शेवटचा मुद्दा बरोबर आहे, तो आधीच मान्य करतो. टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी लांबट गोलात चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 3224 म्हणजे 2024 सालचा 32वा आठवडा. हे प्रत्येकाने बघावंच. एक गोष्ट खरी निघाली की तिच्यासोबतची सहा खोटी खपून जातात, या मेसेजचं तेच झालंय.

आता तो ठिपका. कारखान्यात टायर एका साच्यात ओतून तयार होत नाही. आतलं हवाबंद अस्तर, त्यावर धाग्याचा थर, काठाला तारांची कडी, वर स्टीलच्या तारांचे पट्टे, बाजूचं रबर आणि सगळ्यात वर रस्त्याला लागणारं जाड रबर, असे थर एकमेकांवर गुंडाळत नेतात आणि मग साच्यात घालून तापवतात. प्रत्येक थराला कुठे ना कुठे जोड येतोच. जोडापाशी माल किंचित जास्त, दुसरीकडे किंचित कमी. साडीला फॉल लावताना जिथे टोकं एकमेकांवर येतात तिथे कापड जाड होतं, तसंच. म्हणून जगातला कुठलाही टायर काटेकोर समतोल नसतो.

तयार टायर तपासणीच्या मशीनवर फिरवून बघतात. त्याच्या घेरात जी जागा वजनाला सगळ्यात हलकी निघते, तिथे पिवळा ठिपका लावतात. पिवळ्या ठिपक्याचा एवढाच अर्थ. म्हणजे हा ठिपका ज्या टायरवर आहे त्याचं वजन कारखान्यात तपासलं गेलंय. मामांनी ज्याला खोट समजून टायर परत केले, ती तपासणी झाल्याची खूण होती. योकोहामा या जपानी कंपनीने टायर बसवणाऱ्यांसाठी दिलेल्या सूचना मी मामांना वाचून दाखवल्या. त्यात स्पष्ट आहे की पिवळी खूण सगळ्यात हलक्या जागेची आणि ती वॉलच्या समोर घ्यायची. कारण साध्या डिस्कवर, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकावर, वॉलचं भोक आणि वॉल मिळून ती बाजू जड धरतात. हलकी बाजू जड बाजूला लावली की फरक कमी होतो. दर्जाचा त्यात एक शब्द नाही.

लाल ठिपक्याचं काम वेगळं आहे. फुगवलेला टायर फिरत्या ड्रमवर दाबून धरतात आणि तो एका फेऱ्यात किती जोराने उलटा दाब देतो ते मोजतात. जिथे हा जोर सगळ्यात जास्त, म्हणजे टायर तिथे किंचित उंच किंवा कडक, तिथे लाल ठिपका. त्याच सूचनांप्रमाणे हा ठिपका डिस्कच्या सगळ्यात खोलगट जागेसमोर घ्यायचा. उंच जागा खोल जागेवर बसली की चाक जास्त गोल फिरतं. ती खोल जागा डिस्कवर रंगाच्या ठिपक्याने किंवा छोट्या खाचेने दाखवलेली असते, पण असेल तर. नव्या गाडीच्या कारखान्यात जोडी अशी जमवतात. बाजारातून घेतलेल्या बऱ्याचशा अलॉयवर अशी खूण नसतेच. डिस्कवर खूण असेल तर आधी लाल, नसेल तर पिवळा वॉलसमोर, असं आम्ही करतो.

आता सांगा, यात फर्स्ट कुठे आणि सेकंड कुठे? एकाच टायरवर लाल आणि पिवळे दोन्ही ठिपके असू शकतात. मग तो एकाच वेळी फर्स्टही आणि सेकंडही? काही कंपन्या ठिपके लावतच नाहीत, त्यांचा माल कुठला म्हणायचा? आपल्या देशात गाडीचा टायर विकायचा तर त्यावर आयएसआय मार्क लागतो, कारच्या टायरसाठी आयएस 15633. दर्जा बघायचाच असेल तर बाजूवर तो मार्क बघा, तो रबरातच उठवलेला असतो. ठिपका नुसता रंग आहे. टायर बसवताना काठाला लावलेल्या साबणाने किंवा दोन-चार धुण्यांतच तो निघून जातो.

रंगीत पट्ट्यांचं तर काहीच सांगू नका. गोडाऊनमध्ये टायर एकावर एक रचलेले किंवा रांगेत उभे केलेले असतात, बाजू दिसत नाही, दिसतो फक्त वरचा घेर. कुठला साइज, कुठला प्रकार हे लांबून ओळखायला कारखाना घेरावर पट्टे मारतो. कोणता रंग कशाला, हे ज्याचा त्याचा कारखाना ठरवतो. रस्त्यावर काही दिवस चाललं की पट्टे झिजून जातात. वेगाची मर्यादा पट्ट्यात असती तर ती पहिल्याच आठवड्यात पुसली गेली असती. ती अक्षरात असते. मामांच्या नव्या टायरवर साइजच्या पुढे 85टी असं आहे. 85 म्हणजे एका टायरला 515 किलोपर्यंत भार, टी म्हणजे ताशी 190 किलोमीटर. आणि तो 190 टायरच्या क्षमतेचा आकडा झाला. समृद्धीवर कारला मर्यादा 120 चीच आहे.

ठिपका वॉलसमोर नसेल तर टायर फुटतो, हे साफ खोटं. ठिपका उलट्या बाजूला गेला तर काय होईल? बॅलन्सिंगला वजनं जास्त लागतील, आणि बॅलन्सिंगच केलं नाही तर स्टिअरिंग थरथरेल. एवढंच. टायर फुटतो तो हवा कमी असल्याने, गाडीत जास्त भार लादल्याने, टायर म्हातारा झाल्याने किंवा खड्ड्यात आपटून आतले धागे तुटल्याने.

आणि म्हणूनच मला सगळ्यात जास्त राग आला तो हवा पाच पॉइंट कमी ठेवण्याच्या सल्ल्याचा. बाकीच्या मुद्द्यांनी पैसे आणि वेळ जाईल, याने माणूस जाईल. लोकांचा समज असा की उन्हाने हवा फुगते, मग आधीच कमी भरावी. गाडीच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो आकडा असतो तो थंड टायरचाच असतो. चालवताना हवा वाढणार हे धरूनच तो ठरवलेला असतो. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि पुन्हा ताठ होते. एखादी तार हातात धरून एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहा, ती जागा बोटाला चटका देईल इतकी तापते. शंभरच्या वेगाला टायर मिनिटाला आठशे-नऊशे फेरे घेतो. म्हणजे कमी हवेचा टायर उन्हापेक्षा स्वतःच्याच वाकण्याने तापतो.

याची जगाने मोजलेली किंमत आहे. ऑगस्ट 2000 मध्ये फायरस्टोनने अमेरिकेत 65 लाख टायर परत बोलावले. त्यांतले बरेचसे फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवर होते. धावत्या गाडीत टायरचं वरचं रबर सुटून येत होतं. टायरच्या घडणीतले दोष होतेच, पण हवेवरूनही मोठं भांडण झालं. फोर्डने 26 पॉइंट सांगितलेले, फायरस्टोन 30 म्हणत होती. वाद चार पॉइंटचा होता, आणि हा मेसेज विदर्भातल्या मे महिन्यात पाच पॉइंट कमी करायला सांगतोय. ज्याने लिहिलं त्याने स्वतःच्या मुलाबाळांना बसवून तशी गाडी चालवली असती का?

नायट्रोजनच्या हिरव्या टोपीवर जास्त वेळ घालवत नाही. टोपी हव्या त्या रंगाची बाजारात मिळते. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. टोपी बघू नका, महिन्यातून एकदा सकाळी थंड टायरला गेज लावा.

राहिला बॅलन्सिंगचा मुद्दा. इथे अर्धं खरं आहे, ते नाकारत नाही. पिवळा ठिपका वॉलसमोर घ्या असं गिऱ्हाईकाने सांगितलं तर ते योग्यच आहे, आणि काही दुकानदार घाईत ते बघत नाहीत, हेही खरं. पण त्याने बॅलन्सिंग वाचत नाही. डिस्क कधीतरी खड्ड्यात आपटून वाकलेली असते, आजच्या बऱ्याच चाकांत जड जागा वॉलपाशी नसतेच, आणि ठिपका कुठला फरक किती ग्रॅमचा ते सांगत नाही. मशीन सांगतं.

मामा नागपूरहून परतले तसे परवा दुकानात आले, अजून त्याच जुन्या टायरांवर. मी वाद घातला नाही. परत ठेवलेल्यातला पहिला टायर घेतला, पिवळा ठिपका वॉलसमोर ठेवून बसवला, हवा भरली, बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवला. आकडा आला आतून 10 ग्रॅम, बाहेरून 5. मामांना म्हटलं, लक्षात ठेवा. मग हवा काढली, काठ सुटा केला, टायर डिस्कवर अर्धा फेरा फिरवला आणि ठिपका वॉलच्या बरोबर उलट नेला. पुन्हा मशीन. आतून 30, बाहेरून 20. मामा त्या आकड्याकडे बघत राहिले. “म्हणजे समोर घेतला तरी शून्य नाही येत?” नाही येत, मामा. “आणि उलटा घेतला तर फुटणार नाही, नुसती वजनं वाढतील?” हो.

मग म्हणाले, “मग तो वेगाचा पट्टा?” मी त्यांना बाजूवरची अक्षरं बोट ठेवून वाचायला लावली. चष्मा वर करून त्यांनी 85टी वाचलं, मग तारीख वाचली, मग आयएसआयचा मार्क शोधला. टायर कुठल्या दिशेने फिरला पाहिजे ते दाखवणारा ‘रोटेशन’ लिहिलेला बाण आणि बाहेरची बाजू सांगणारा ‘आउटसाइड’ हा शब्द ज्या टायरवर असतो त्यावर तो रबरातच उठवलेला असतो. बसवताना खरोखर चुकू नये अशी खूण ती. मामांच्या टायरवर तो बाण नव्हता, म्हणून शेल्फवरचा दुसरा टायर काढून दाखवला.

जुने चार टायर मी त्यांना घरी नेऊ दिले नाहीत. पुढच्या एकाची झीज मोजली तर दीड मिलिमीटरही नव्हती, आणि कारला कायद्याने किमान 1.6 लागते. 2023 मध्ये समृद्धीच्या नाक्यांवर आरटीओने अशाच गुळगुळीत टायरच्या गाड्या मागे फिरवल्या होत्या. मामांची गाडी कुणी अडवली नाही. अडवली असती तर मला बरं वाटलं असतं.

तो मेसेज मामांनी आमच्या भावकीच्या ग्रुपवरही टाकला होता. काल रात्री त्यांनीच त्याखाली लिहिलं, “हे चुकीचं आहे, भाच्याकडे स्वतः बघून आलो.” स्टेपनी मात्र अजून 2016 चीच आहे. ती शनिवारी बदलतोय, ठिपका वॉलसमोर घेऊन.