थांबल्यावर बरं वाटतं? मग तर दाखवाच!

पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर चालायला येणाऱ्यांत साठी-सत्तरीची माणसं बरीच असतात. ते बघून मनापासून आनंद होतो. पण त्याच चढावर एखादे काका कठड्याला टेकून, छातीवर तळवा दाबून उभे दिसतात. विचारलं की उत्तर ठरलेलं : "काही नाही, गॅस धरलाय. दोन मिनिटं थांबलं की जातो."

हे उत्तर ऐकलं की मला धडकी भरते. गॅसला चढ आणि सपाटी कळत नाही. चाललं की छाती आवळते आणि थांबलं की मोकळी होते, असं पुन्हा पुन्हा होत असेल तर दुखणं हृदयाचंच धरून तपासून घ्यायला हवं. डॉक्टर याला अंजायना म्हणतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या आतून अरुंद झालेल्या असतात. बसल्याजागी लागेल तेवढं रक्त मिळतं, चढावर मागणी वाढते आणि पुरवठा कमी पडतो. विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरांनी १७७२ साली या दुखण्याचं वर्णन छापलं, त्यातही हेच आहे : चालताना येतं, चढावर आणि जेवणानंतर जास्त, उभं राहिलं की जातं. अडीचशे वर्षं झाली आणि आपण अजून ओवा चावतोय.

आमच्या आत्याची तर छाती दुखलीच नाही. कोरेगावकडच्या रानात वैरणीचा भारा उचलला की तिच्या जबड्यात कळ यायची, दम लागायचा आणि दरदरून घाम फुटायचा. "काय न्हाय रं, जरा टेकलं की बरं वाटतंय," म्हणायची. दाढ दुखते म्हणून दात काढायचं ठरत होतं. शेवटी अँजिओग्राफी झाली, तेव्हा दोन धमन्यांत ब्लॉक निघाले.

तिला साखर होती, बीपी होतं, आणि दिवसातून चारदा मिश्री. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरडीतून निकोटिन रक्तात उतरतं, नाडी आणि बीपी वाढवतं. आपल्याकडे बिडीवाल्या आजोबांना सगळे ओरडतात, पण मिश्री लावणाऱ्या आजीला कुणी काही बोलत नाही, याचा मला खरंच राग येतो. पाळी गेल्यावर बायकांनाही हा धोका वाढत जातो. त्यात जुनी साखर असेल तर नसा बधिर होतात आणि दुखणं कळतच नाही. नुसता दम, थकवा, चक्कर, मळमळ. वय आणि घराण्यातला हृदयविकार आपल्या हातात नाही, पण बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू आहेत.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. "ईसीजी नॉर्मल आला" म्हणून फाईल कपाटात ठेवू नका. ईसीजी झोपवून काढतात, त्या वेळी हृदयावर ताणच नसतो. अंजायना असूनही तो नॉर्मल येऊ शकतो. चढावर काय होतं ते डॉक्टरांना सविस्तर सांगा, स्ट्रेस टेस्टची, म्हणजे हृदयावर ताण देऊन करायच्या तपासणीची, गरज आहे का ते विचारा. तोवर चढ बंद.

बसल्याबसल्या दुखायला लागलं, पूर्वीपेक्षा कमी चालण्यात यायला लागलं, किंवा थांबूनही जात नसेल, तर सकाळची वाट बघायची नाही. लगेच १०८ ला फोन करा. स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका. शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट (जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी) तर मुळीच देऊ नका, बीपी एकदम खाली येऊ शकतं.

बरीच म्हातारी माणसं खर्चाच्या धास्तीने गप्प असतात. पोरं पुण्याला, त्यांना कशाला घोर! त्यांना सांगा, सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी, म्हणजे अरुंद धमनी फुग्याने मोकळी करणं, बसते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात जायचं आणि तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, गाठायचं.