मडगार्डच्या बोल्ट-संचाबद्दलच्या तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार.

१९६०च्या दशकातल्या तुमच्या अमेरिकन गाडीसाठी आमच्याकडून घेतलेल्या पुढच्या मडगार्डांच्या बोल्ट-संचाला तुम्ही दोन तारे दिलेत. तक्रारी अशा: बोल्ट मळकट काळे निघाले, डोक्यावरच्या खुणा मूळ बोल्टांशी जुळत नाहीत, वॉशर सुटा नसून बोल्टावरच अडकवलेला आहे, चार बोल्टांची टोकं बोथट आहेत, दोन बोल्ट अर्ध्यावर अडकले, आणि चमक यावी म्हणून सगळा संच झिंक प्लेटिंग करून आणल्यावर दोन दिवसांत दोन क्लिप नट (पत्र्याच्या कडेवर चिमट्यासारखे बसणारे नट) तुटले.

बाकीचं नंतर, आधी एक काम करा. प्लेटिंग केलेले उरलेले क्लिप नट गाडीवर लावले असतील तर आजच काढा. न तुटलेलेसुद्धा. ते स्प्रिंग स्टीलचे असतात, म्हणजे कडक केलेलं पोलाद. प्लेटिंगआधी गंज काढायला ॲसिडमध्ये बुडवतात, मग टाकीत करंट देतात. या दोन्ही वेळी पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते आतून ठिसूळ होतं. नट हातात धडधाकट दिसतो, बोल्ट आवळून ताण आला की काही तासांनी किंवा दिवसांनी कडकन तुटतो. तुमच्याकडे नेमकं हेच झालं. प्लेटिंग झाल्या झाल्या माल १९० ते २२० अंश सेल्सिअसला निदान चार तास भट्टीत ठेवला तर हायड्रोजन निघून जातो, पण उशीर झाला तर सूक्ष्म तडे पडलेले असू शकतात आणि ते भट्टीने बुजत नाहीत. म्हणून हे नट आता पुन्हा वापरू नका. संचातल्या कागदावर ‘क्लिप नट प्लेट करू नयेत’ असं आम्ही छापायला हवं होतं. छापलं नव्हतं, ही चूक आमची. सगळे क्लिप नट नवे पाठवतो, पैसे नकोत.

बोल्टांना हा धोका नाही. ते ग्रेड ५चे (ग्रेड म्हणजे मजबुतीची प्रत) आहेत, इतके कडक नसतात. मात्र प्लेटिंगने आटे जाड होतात: थर जितका जाड, त्याच्या चौपट आट्यांचा पिच व्यास (आट्याच्या साधारण मध्यावर मोजलेला व्यास) वाढतो. ८ मायक्रॉनचा थर म्हणजे ३२ मायक्रॉन. बोल्ट जड जायला तेवढंही पुरतं.

बोथट टोकांचीही चूक आमचीच. त्या जागी निमुळत्या टोकाचा बोल्ट हवा. असेंब्ली लाइनवर मडगार्डाचं भोक आणि मागचा नट कधीच बरोबर समोरासमोर येत नसत, निमुळतं टोक नट शोधून घेई आणि आटे वाकडे चढत नसत. चारही बोल्ट बदलून देतो.

आता अडकलेले दोन. तुम्ही लिहिलंय की हार्डवेअरमधून आणलेला, डोक्यावर ८.८ लिहिलेला बोल्ट त्याच जागी बोटांनी आतपर्यंत गेला. उत्तर त्यातच आहे. ८.८ ही मेट्रिकची खूण. म्हणजे त्या जागचा केज नट (पत्र्याच्या चौकोनी भोकात पिंजऱ्यासकट बसवलेला नट) कुणीतरी पूर्वी बदलून एम८चा, म्हणजे ८ मिमी मेट्रिक मापाचा, बसवलाय. तुमच्या गाडीला तिथे ५/१६-१८ यूएनसी लागतो, म्हणजे ५/१६ इंच व्यासाचा, इंचाला १८ आटे असलेला अमेरिकन मापाचा बोल्ट. व्यासावरून फरक कळत नाही, कारण ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, व्हर्नियरवर दोन्ही सारखेच वाटतात. फरक पिचमध्ये, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधल्या अंतरात आहे: यूएनसीचा १.४१ मिमी, एम८चा १.२५. दहा आटे मोजा, एकीकडे १४.१ मिमी भरतील, दुसरीकडे १२.५. पिच गेज नसेल तर दोन्ही बोल्ट आटे-आट्यांत बसवून उजेडासमोर धरा. पिच एकच असेल तर फट दिसत नाही, नसेल तर तिसऱ्या-चौथ्या आट्यापासून उजेड दिसू लागतो.

तिथे पाना लावून जोर करू नका, इम्पॅक्ट गन तर नकोच. केज फाटला की नट आत नुसता फिरत राहतो आणि मग पत्रा कापावा लागतो. एम८च्या नटात ५/१६चा टॅपही (आटे पाडायचं हत्यार) घालू नका, जुने आटे अर्धवट खाल्ले जातात आणि धड एकही माप उरत नाही. नटच बदला. चौकोनी भोकाचं माप आणि पत्र्याची जाडी कळवा, दोन केज नट याच पार्सलमध्ये टाकतो.

राहिले तीन मुद्दे, आणि इथे मात्र आमचं मत तुमच्यापेक्षा वेगळं आहे.

मळकट काळा रंग हा जुना माल असल्याची खूण नाही. तो फॉस्फेटचा थर आहे, वर तेल. तुमच्या गाडीच्या मडगार्डांना कारखान्यातून असेच बोल्ट लागले होते, चकचकीत झिंक तिथे परकं दिसतं. हा थर सच्छिद्र असतो, गंज अडवतं ते त्यात मुरलेलं तेल. म्हणून बसवण्याआधी थिनरने धुवायचे नाहीत, नंतर तेलाच्या फडक्याने पुसायचे. कोरडा फॉस्फेट दमट हवेत लवकर गंजतो.

डोक्यावरच्या खुणांमध्ये दोन गोष्टी असतात. मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८, रेघ नसेल तर ग्रेड २. त्या आमच्या बोल्टांवर बरोबर आहेत. दुसरी खूण बनवणाऱ्याची. गाडीचे कारखाने एकाच जातीचा बोल्ट अनेक पुरवठादारांकडून घेत, त्यामुळे कधी न उघडलेल्या गाडीवरही दोन-तीन खुणा मिसळलेल्या सापडतात. तुमच्या जुन्या बोल्टांवरची खूण हवी असेल तर डोक्याचा सरळ वरून काढलेला फोटो पाठवा, आमच्या साठ्यात असेल तर तीच देऊ. जुनं डोकं वायर ब्रशच्या चाकावर मात्र घासू नका, खूण झिजते.

तुम्ही पार्ट्स कॅटलॉगचा नंबर दिला होता आणि त्यात सुटा वॉशर दाखवलाय, म्हणून अडकवलेला वॉशर तुम्हाला खटकला. कॅटलॉग दुरुस्तीसाठी असतो, त्यात नंतरचा बदली भाग मूळ भागाच्या जागी सर्रास येतो. लाइनवर काय लागलं हे असेंब्ली मॅन्युअलच्या चित्रात दिसतं. अडकवलेला वॉशर आटे पाडण्याआधीच दांड्यावर घालतात. आटे रोल करताना धातू बाहेर दाबला जाऊन व्यास वाढतो आणि वॉशर निघत नाही. तो मोठाही असतो, कारण मडगार्ड सरकवून फट जुळवता यावी म्हणून भोकं लांबट ठेवलेली असतात. लहान सुटा वॉशर तिथे पत्रा खेचून वाकवतो.

प्लेट केलेले बोल्ट परत पाठवायची गरज नाही, सुट्या-फुटक्या कामाला ठेवा. त्यांच्या जागी फॉस्फेटचे हवे असतील तर मुळातला अर्धा दर लावू. केज नटांची मापं आली की पार्सल निघेल.