आमच्या बोळातली गोदावरी

आमच्या गावाचं नाव मी सांगत नाही. पाहुणे राहायला येतील, आणि पाहुण्यांना अंघोळ लागते. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, नाथसागराचं, म्हणजे जायकवाडी धरणाचं, पाणी पितं आणि आठवड्यातून एकदाच पितं, एवढी ओळख पुरे.

आमच्याकडे लग्नपत्रिका हातात पडली की माणसं मुहूर्ताच्या आधी बोटं मोजतात. त्या दिवशी पाण्याची पाळी येते का? येत असेल तर आहेर पोचतो, माणूस पोचत नाही. माझ्या सख्ख्या मेव्हण्याच्या साखरपुड्याला आमच्या घरातलं एक माणूस मागं राहिलं होतं. ते माणूस म्हणजे मी. (त्याबद्दल माझी तक्रार नाही. मेव्हणा भेटलेला नाही तुम्हाला.)

इतर गावांत नळ भिंतीला असतो, आमच्याकडे तो जमिनीत असतो. मी लग्न करून या घरात संसार थाटला तेव्हा तोटी गुडघ्याइतकी उंच होती, खाली कळशी मावायची. मग दाब कमी होत गेला, तसा नळ खाली खाली गेला. आधी उंबऱ्याला टेकला, मग फरशीखाली शिरला. आज अंगणात साडेतीन फूट खोल खड्डा आहे. त्याला दोन पायऱ्या, वर झाकायला जुना पत्रा. पाणी आलं की मी पत्रा सरकवतो, खड्ड्यात उतरतो, उकिडवा बसतो आणि पाइप तोटीला लावून सुतळीनं आवळतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला फक्त माझं टक्कल दिसतं. त्यालाच नमस्कार करून लोक पुढं जातात.

खड्डा जितका खोल तितकं पाणी जास्त, हे शास्त्र आमच्या बोळात शेंबड्या पोरालाही कळतं. त्यामुळे दर उन्हाळ्यात कोणाच्या तरी अंगणातून रात्री पहारीचा आवाज येतो. दिवसा कोणी खणत नाही. सकाळी विचारलं तर म्हणतात, "तुळशीला आळं करत होतो." साडेतीन फुटांचं आळं! अंतराळात आधी कोण जातो याची कधीकाळी दोन देशांत चुरस लागली होती. आमच्या बोळात पाताळात आधी कोण पोचतो याची आहे.

दुसरी गोष्ट मोटारीची. नळाला मोटार लावायची नाही, असा नियम आहे. कोणीच लावत नाही. फक्त नळाला पाणी आलं की नऊच्या नऊ घरांत एकदम मिक्सर सुरू होतो. रात्री अडीच वाजता. एवढी चटणी वाटून बोळातलं कोणी जाडं झालेलं नाही, पण विचारत कोणी नाही. माझा मिक्सर अर्ध्या हॉर्सपॉवरचा आहे आणि खड्ड्याशेजारी गोणपाटाखाली असतो.

बायको मला श्रीखंड्या म्हणते. पैठणला नाथांच्या वाड्यात श्रीखंड्याच्या रूपानं देवानं १२ वर्षं कावडीनं पाणी भरलं, ते आमच्या भागात पोरंटोरं जाणतात. ज्यात त्यानं पाणी ओतलं तो रांजण भरायला नाथषष्ठीच्या आधी आजही लोक रांग लावतात. मी एकदा जरा फुशारून म्हटलं, "बघ, देवाचं काम करतोय मी." ती म्हणाली, "अहो, १२ वर्षांनी तो निदान देव निघाला. तुम्हाला २२ झाली."

एवढं सोसल्यावर माणूस एक तर संन्यास घेतो किंवा अभ्यासाला लागतो. मी अभ्यासाला लागलो. पेपरात आतल्या पानावर चौकट येते: पाणीपातळी, उपयुक्त साठा, आवक, विसर्ग. लोक शेअरचे भाव बघतात तसा मी क्युसेक, म्हणजे वाहत्या पाण्याचं माप, बघतो. जायकवाडीचं मला पाठ आहे. पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते, लोकार्पण १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते. दरवाजे २७. एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी, त्यातला उपयुक्त साधारण ७६, उरलेला २६ मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारं, आपसूक बाहेर न येणारं पाणी. हा मृतसाठा शब्द कोणी काढला कोण जाणे. दुष्काळात सगळं संपल्यावर त्याच मेलेल्या पाण्यावर आम्ही जगतो.

टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. एकदा पाण्याची वाट बघत बसलो असताना पेपराच्या समासात मी हिशोब मांडला. १ टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. माझी गच्चीवरची काळी टाकी १००० लिटरची. आठवड्याला एक टाकी धरली, तर एकट्या १ टीएमसीत आमचं घर ५ लाख ४० हजार वर्षं आरामात निघेल. मी हा आकडा बायकोला दाखवला. तिनं कपडे धुवायला भिजवू का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, "आज नको."

धरण आणि तोटी यांच्यामध्ये नेमकं काय होतं, हे मात्र मला अजून कळलेलं नाही. धरण भरलं की पैठणला दरवाजे उघडतात, लोक गाड्या काढून बघायला जातात, कणसं खातात, पांढऱ्याशुभ्र पाण्यासमोर फोटो काढतात. मीही काढलाय. घरी येऊन पाय धुवायला तांब्याभर पाणी मागितलं, तर बायको म्हणाली, "पुसून घ्या."

माझं खरं तेज दिसतं ते दर ऑक्टोबरात. गोदावरी त्र्यंबकेश्वराहून निघते आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर वाटेत तिला आणि तिच्या उपनद्यांना नाशिक-नगरची धरणं भेटतात: गंगापूर, दारणा, भंडारदरा, निळवंडे, मुळा. वरचे भरून घेतात, खालचे बोंबलतात. यावर जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५ चा कायदा आहे, समन्यायी वाटपाचं तत्त्व आहे, मेंढेगिरी समितीचा २०१३ चा अहवाल आहे, २०१६ चा उच्च न्यायालयाचा निकाल आहे. मुद्द्याचं एवढंच, की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला तर वरच्यांनी पाणी सोडायचं. त्या वर्षी, म्हणजे २०२३ साली, पाऊस रुसला होता आणि साठा निम्म्यालाही टेकला नव्हता. ऑक्टोबर संपता संपता वरून ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला. मग वर आंदोलनं, खाली आंदोलनं, कोर्टकचेरी. सगळा नोव्हेंबर मी संध्याकाळी पारावर बसून लोकांना पासष्ट टक्के समजावून सांगत होतो. "हे पाणी म्हणजे भीक नाही, हक्क आहे! वरचा म्हणून वरच्याचं होत नाही!" वरचे म्हणतात, एवढं सोडून निम्मं वाटेतच मुरेल, त्याला वहनव्यय म्हणतात. नदीकाठच्या मोटारींनी ओढू नये म्हणून काठावरची वीज तोडतात, बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात. हे सगळं मी हातवारे करून सांगायचो. पाराच्या कडेला टेलच्या काकू वाती वळत बसलेल्या असायच्या. मला वाटायचं, बिचारीला काय कळतंय.

टेलच्या काकू म्हणजे आमच्या बोळातलं शेवटचं घर. कालव्याच्या शेवटाला ज्याचं शेत, तो टेलचा, तसंच हे. जलकुंभाकडून येणारी पाइपलाइन आधी गुरुजींच्या घरी जाते, ते हेड. मी पाचवा. माझ्यापुढं तिघं, मग काकू. गुरुजी निवृत्त झाल्यापासून त्यांचा खड्डा पाच फुटांवर गेलाय, शिडी लावून उतरतात. त्यांच्याविरुद्ध मी दोनदा अर्ज लिहिलाय. "हेडच्या माणसानं टेलचा विचार करावा," असं त्यात एक चांगलं वाक्यही होतं. उत्तरादाखल त्यांनी सुचवलं, की नळ चालू असेपर्यंत सगळ्या बोळाची वीज बंद ठेवावी, म्हणजे कोणाची मोटार चालणार नाही. ही सूचना मी तत्त्व म्हणून हाणून पाडली.

तर नोव्हेंबर सरता सरता वरच्या धरणांतून पाणी सुटलं. पेपरात बातमी आली त्याच रात्री आमची पाळी होती, आणि योग असा की गुरुजी भाचीच्या लग्नाला परगावी गेलेले. हेड बंद! अडीच वाजता तोटीला जी धार लागली, तशी या घरानं दहा वर्षांत पाहिली नव्हती. पाइप हातातून निसटून माझ्या तोंडावर आला. मी गोणपाट सारलं, मिक्सर लावला. हौद भरला, काळी टाकी भरली, दोन्ही टिपं भरली. बायकोनं पातेली, परात, कुकर, दुधाचं कॅन भरलं. मी कूलर भरला. नोव्हेंबर होता, तरी भरला. मग भरायला काही उरेना, आणि मोटार बंद करायला हात होईना. आलेलं पाणी कसं नाही म्हणायचं? गच्चीवरून टाकी वाहायला लागली, पागोळीसारखं पाणी अंगणात, अंगणातून नालीत, आणि नालीतून खळखळ करत बोळाच्या शेवटाकडे.

काकूंना त्या रात्री नळाला पाणी दिसलं नाही, नालीला दिसलं. साडेतीनला त्या कळशी घेऊन माझ्या खड्ड्याच्या काठाशी उभ्या होत्या.

"काय रे, चटणी वाटतोयस?"

"हो, म्हणजे... शेंगदाण्याची."

"वरची टाकी किती भरली?"

"भरली, काकू."

"म्हणजे शंभर टक्के. हौद?"

मी नालीकडं बघितलं. त्यांनीही बघितलं.

"माझ्याकडं बुडाशी चार तांबे आहेत. मृतसाठा," काकू म्हणाल्या. "पासष्टच्या खालीच असेल ना रे ते?"

"काकू, तो नियम धरणांना आहे."

"आणि १५ ऑक्टोबर होऊन गेला की."

मी खड्ड्यात, त्या काठावर. वरून बोलणारा माणूस फार बरोबर वाटतो. मी म्हटलं, उद्या घरी पाहुणे आहेत. म्हटलं, आधी पिण्याचं आरक्षण बघावं लागतं. शेवटी तोंडातून गेलं, "इथून पाइपानं सोडलं तर वाटेत फार गळेल हो, पाइप जुना आहे." बोलून गेल्यावर लक्षात आलं, हे वाक्य महिनाभर मी नाशिकवाल्यांच्या आवाजात नक्कल करून पारावर म्हणत होतो.

"गळू दे," काकू म्हणाल्या. "सोड."

माळ्यावरून पाइप काढला. तीन तुकडे, मध्ये सायकलच्या ट्यूबचे जोड. हौदातून मोटारीनं, भिंतीवरून, सहाव्या, सातव्या, आठव्या दारापुढून काकूंच्या रांजणापर्यंत. सातव्या घरच्यांनी दार किलकिलं केलं.

"काय, सोडताय का?"

"काकूंसाठी."

"चांगलंय, चांगलंय. आमच्या दारावरूनच जाणार ना?" म्हणून त्यांनी पाइपाच्या जोडाकडं जरा निरखून बघितलं आणि दार लावून घेतलं.

मी बटण दाबलं. गच्चीवरून बायकोनं वाकून विचारलं, "अहो, किती क्युसेकनं?" एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर, ते तिला मीच शिकवलं होतं. बोळाच्या टोकाकडून काकूंचा आवाज आला, "आलं रे, आलं!" मला एकदम बरं वाटलं. खड्ड्यातून बाहेर येऊन मी पायरीवर बसलो, पाय पसरले.

थोड्या वेळानं काकू पुन्हा ओरडल्या, "अरे, धार बारीक झाली की!"

मी कान दिला. सातव्या घरात मिक्सर सुरू झाला होता.