आई, सुपरमॅन आणि गहाळ पुरावा

सुपरहिरोचा सिनेमा आईबरोबर बघायला बसू नये. हे मी बायकोला सांगतो, मुलाला सांगतो, आणि रविवारी आम्ही तिघंही तिच्याबरोबरच बसलेले असतो. परळच्या वन रूम किचनमध्ये दुसरीकडे बसणार कुठे? टीव्ही ज्या खोलीत, त्याच खोलीत आईची कॉट. ती झोपली असं वाटलं म्हणून आवाज कमी करून सिनेमा लावावा, तर दहाव्या मिनिटाला चादरीखालून प्रश्न येतो, "हा मघाचाच का?"

आईची सगळी नोकरी धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात गेली. तिथे घरमालक आणि भाडेकरूंचे दावे चालतात, आणि ते असे चालतात की मूळ मालक वर जातो, मूळ भाडेकरूही वर जातो, दावा मात्र खालीच राहतो. त्या फायलींत आयुष्य गेल्यामुळे कुठलीही गोष्ट ती नुसती गोष्ट म्हणून ऐकत नाही. आधी काय झालं, कोणी पाहिलं, कागद कुठाय. शेजारच्या काकू मुलीचं लग्न कसं अचानक जमलं ते रंगवून सांगत होत्या, तर आईने मध्येच "पत्रिका आधी दिलीत की फोटो?" असं विचारून त्यांना चहासुद्धा नीट पिऊ दिला नाही.

अशा बाईसमोर एक माणूस पाठीवर तांबडी शाल पांघरून उडतो.

माझा मुलगा तन्मय याला या सिनेमांचं वेड. त्याने एकदा २०१६ चा बॅटमन आणि सुपरमॅन यांच्या भांडणाचा सिनेमा लावला, थिएटरात लागला होता तोच. आफ्रिकेच्या वाळवंटात काही माणसं मरतात आणि सगळं खापर सुपरमॅनवर फुटतं. इकडे आई उठून बसली.

"ही माणसं कशाने मेली?"

"गोळ्या लागून."

"आणि आरोप कोणावर?"

"सुपरमॅनवर."

"तो बंदूक वापरतो?"

"नाही."

"मग केस दाखल कशी करून घेतली?"

मी म्हटलं, "आई, सिनेमा आहे." त्यावर ती म्हणाली, "सिनेमा आहे म्हणून पंचनामा करायचा नाही?"

पुढे अमेरिकेच्या संसदेत चौकशी चालू असताना एका अपंग माणसाच्या चाकाच्या खुर्चीत ठेवलेला बॉम्ब फुटतो. सुपरमॅन तिथेच उभा. आता आई माझ्याकडे वळली, जणू पटकथा मीच लिहिली होती. "ह्याला भिंतीपलीकडचं दिसतं म्हणालास ना? मग समोरच्या खुर्चीतलं कसं दिसलं नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तन्मयकडेही नव्हतं. बायको म्हणाली, "अहो, बंद करा, डाळीला फोडणी द्यायचीय."

मला वाटलं होतं की आई उगाच खुसपटं काढते. पण या सिनेमाची एक लांब आवृत्ती निघालेली आहे. थिएटरात १५१ मिनिटं, आणि दिग्दर्शक झॅक स्नायडरची मोठी आवृत्ती १८२ मिनिटांची. तन्मयने ती आणली. आणि काय सांगू, त्या वाढीव अर्ध्या तासात उडणं-बिडणं फारसं नाहीच, आईच्या प्रश्नांची उत्तरं आहेत! गोळ्यांनी मेलेल्यांची प्रेतं नंतर जाळली जातात, म्हणजे सुपरमॅनच्या डोळ्यांतल्या आगीने मेली असं वाटावं. त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्या बाईला धमकावून जबाब पढवलेला असतो. ती ते कबूल करते, आणि मग तिला रेल्वेखाली ढकलतात. खुर्चीला आतून शिसं लावलेलं असतं, आणि शिशातून सुपरमॅनला दिसत नाही. शिवाय त्या खुर्चीवाल्याच्या घरी नायिका जाते, तर नुकतंच आणलेलं वाणसामान तसंच पडलेलं.

"बरोबर," आई म्हणाली. "मरायला निघालेला माणूस आठवड्याचं सामान भरून जात नाही. म्हणजे त्याला बॉम्बचं माहीत नव्हतं." मग चष्मा पुसत माझ्याकडे पाहून, "पुरावा होता तर. दडवला होता."

आता दडवला कोणी, हा खरा मुद्दा. दोन तासांच्या सिनेमाचे दिवसाला जास्त खेळ लागतात, तीन तासांच्याचे कमी. हा हिशोब मुंबईत समोशाच्या भावावरून भांडणाऱ्या प्रेक्षकालाही समजतो. म्हणून कापायचं ठरतं. पण कापायचं काय? इमारती कोसळतात, त्या कॉम्प्युटरवर कोसळवायला कोट्यवधी गेलेले असतात, तिथे निर्मात्याचा हात थरथरतो. मग कात्री वळते ती दोन माणसं खुर्चीत बसून बोलतात तिथे. ते प्रसंग स्वस्त असतात ना. नेमकं तिथेच कोणी कोणाला का मारलं हे सांगितलेलं असतं. राहतात त्या कोसळणाऱ्या इमारती, आणि आमच्या आईच्या शंका.

महाभारतावर अशी कात्री चालवून बघा. कर्णाला मिळालेले शाप काढा, दोन प्रसंग तर आहेत, वेळ वाचेल. मग रथाचं चाक जमिनीत रुतलं की प्रेक्षक म्हणेल, रस्ता महापालिकेचा असणार.

त्यानंतर आईला चटक लागली. सिनेमा लावला की आधी विचारायची, "हा पुरा आहे की कापलेला?"

तिचा सगळ्यात लाडका निघाला २००३ चा डेअरडेव्हिल. नायक आंधळा वकील. दिवसा कोर्ट, रात्री गच्च्यांवरून उड्या. थिएटरातला सिनेमा १०३ मिनिटांचा. तो बघताना आई भयंकर वैतागली होती. "वकील म्हणे. कोर्टात कधी जातो हा? सनद तरी आहे का?" पुढच्या वर्षी दिग्दर्शकाची १३३ मिनिटांची आवृत्ती निघाली होती, ती तन्मयने शोधली. तीत खुनाचा एक अख्खा खटला आहे. तो छोट्या सिनेमातून मुळासकट उपटला होता. एका गरीब माणसावर आळ येतो, आपला वकील त्याची बाजू घेतो, आणि धागा धरत धरत प्रकरण थेट मोठ्या खलनायकापर्यंत पोचतं. खटला संपेपर्यंत आईने उठून गोळीसुद्धा घेतली नाही. त्यातल्या कोर्टात एका दिवसात किती काम होतं हे पाहून तिने फक्त एकदा सुस्कारा सोडला.

दिग्दर्शक रिचर्ड डॉनरचा सुपरमॅन मात्र तिने थोडा फटकारला. दुसऱ्या भागाचं बरंच चित्रण त्याने पहिल्याबरोबरच केलं होतं. मग त्याला काढलं, रिचर्ड लेस्टरने सिनेमा पुरा केला आणि तो १९८० मध्ये आला. त्यात सुपरमॅनची गेलेली शक्ती परत येते, पण कशी ते कोणी धड सांगत नाही. २००६ मध्ये डॉनरची आवृत्ती निघाली, तेव्हा सुपरमॅनचा बाप झालेल्या मार्लन ब्रँडोचे वगळलेले प्रसंग परत आले आणि कळलं की बाप आपली उरलीसुरली ताकद मुलाला देऊन कायमचा संपतो. इथे आई मान डोलावत होती. पण एक प्रसंग मुळात शूटच झाला नव्हता, म्हणून तिथे कलाकारांच्या जुन्या चाचणीचं चित्रण चिकटवलंय. आईने लगेच पकडलं, "मघाशी चांगला भरलेला होता, दार उघडून आत आला तर वाळला कसा?" आणि शेवटी सुपरमॅन काळच मागे फिरवतो म्हटल्यावर, "पहिल्या भागात हेच केलं होतं ना? त्याच कारणावर दोनदा सवलत मिळत नाही."

म्हणजे दिग्दर्शकाला मोकळं सोडलं की सिनेमा सुधारतोच, असं आई मानत नाही. मीही नाही.

आणि मग तो मेगाब्लॉकचा रविवार. बायकोचं डोंबिवलीला माहेरी जाणं रद्द, मासे घरातच होते, आणि तन्मयने जाहीर केलं की आज जस्टिस लीगचा, म्हणजे सगळ्या सुपरहिरोंच्या टोळीच्या सिनेमाचा, स्नायडर कट. २४२ मिनिटं. तेवढ्या वेळात डेक्कन क्वीन पुण्याला पोचते आणि उतरलेला माणूस रिक्षावाल्याशी भांडूनही मोकळा होतो.

आधीची २०१७ ची दोन तासांची आवृत्ती आम्ही पाहिली होती. तिच्या पहिल्याच दृश्यात सुपरमॅन बोलायला लागला आणि आईने विचारलं होतं, "ह्याच्या ओठाला काय झालंय? दाताच्या डॉक्टरकडून थेट आलाय का? भूल उतरलेली दिसत नाही." झालं असं होतं की स्नायडरने सिनेमा पुरा होण्याआधीच सोडला. त्याची मुलगी गेली होती. काम जॉस व्हेडनकडे आलं, बरेच प्रसंग पुन्हा शूट झाले, आणि तेव्हा नट हेन्री कॅव्हिल याने दुसऱ्या कंपनीच्या सिनेमासाठी मिशी राखलेली होती. ती कंपनी मिशी काढू देईना. म्हणून मिशी कॉम्प्युटरवर पुसली. पृथ्वी वाचवायला निघालेली एवढी मोठी मंडळी, आणि अडलं कुठे, तर मिशीच्या मालकीहक्कावर. असले दावे आईने पाहिलेले आहेत.

तर चार तासांचा कट सुरू झाला आणि पहिली हरकत लगेच आली. हप्त्यावर घेतलेल्या आमच्या लांबरुंद टीव्हीवर चित्र मधोमध चौकोनी, दोन्ही कडांना काळे पट्टे.

"टीव्ही बिघडला."

"नाही आजी, डायरेक्टरला असंच हवंय. आयमॅक्सच्या उंच पडद्यासाठी."

"मग ह्या कडेच्या टीव्हीचे हप्ते तो भरणार का?"

पहिल्या तासात दाराची बेल सारखी वाजत होती. इस्त्रीवाला, मग कुरिअर, मग मंडळाची पोरं वर्गणीचं पुस्तक घेऊन. दर वेळी सिनेमा थांबवायचा, आणि परत लावला की टोळीतला समुद्रवाला नायक अॅक्वामॅन तिथेच. तो समुद्रात उडी मारतो, किनाऱ्यावर गावातल्या बायका गाणं म्हणतात, एक त्याचा काढलेला स्वेटर उचलून हुंगते. गाणं संपत नाही. "हे कापलं असतं तरी चाललं असतं," आई म्हणाली. पुढे एका अपघातात विजेच्या वेगाने पळणाऱ्या फ्लॅशभोवती सगळं इतकं संथ होतं की हवेत तरंगणारे तीळ मोजता येतात. आईने तेवढ्यात मेथीची जुडी निवडून संपवली.

पण सायबॉर्ग आला आणि तिने मेथीचं ताट बाजूला सारलं. दोन तासांच्या सिनेमात हा अर्धा लोखंडी मुलगा कोपऱ्यात रुसून उभा असायचा. इथे तो कॉलेजचा फुटबॉलपटू. सामन्याला आई येते, शास्त्रज्ञ बाप येत नाही. अपघातात आई जाते, आणि बाप ज्या अघोरी पेटीवर संशोधन करत असतो तिचाच वापर करून मुलाला जगवतो. मुलगा त्याला माफ करत नाही.

"अरे, हा तर मूळ वादी आहे!" आई ओरडली. "ह्याचंच नाव दाव्यातून वगळलं होतं?"

त्या पेटीचंच बघा. अशा एकूण तीन पेट्या. जगबुडी आणणारी तिसरी पेटी आधीच्या सिनेमात सगळे नायक सुपरमॅनशी मारामारी करण्याच्या नादात बाहेर बेवारस ठेवून देतात, आणि खलनायक येऊन ती उचलून नेतो. तेव्हा आई दोन दिवस आम्हाला ऐकवत होती, "मुद्देमालावर एक शिपाई ठेवता येत नाही?" इथे तीच पेटी प्रयोगशाळेत आहे. खलनायक पोचतो तेव्हा बाप स्वतःला आत कोंडून घेऊन ती पेटी प्रचंड तापवतो, म्हणजे नंतर तिचा माग लागावा. त्यात तो मुलाच्या डोळ्यांसमोर मरतो. छोट्या सिनेमात हा बाप शेवटी हसत जिवंत होता. आम्हाला तेव्हा त्याचं नावही लक्षात राहिलं नव्हतं. आता बायको ओट्यापाशी तळणीचा झारा हातात घेऊन उभी, आणि सुरमईचा एक तुकडा काळा पडला तरी कोणी काही बोललं नाही.

शेवटी सिनेमा दिग्दर्शकाने आपल्या मुलीला अर्पण केलाय. आईने तेवढी पाटी पुन्हा लावायला सांगितली.

त्याआधी मात्र मोठा घोळ आहे. लढाई जिंकल्यावर सिनेमा संपत नाही. जग उजाड झाल्याचं स्वप्न पडतं, सुपरमॅन फिरलेला, बॅटमन आणि जोकर एका बाजूला, आणि लगेच एक हिरवा परग्रहवासी येऊन सांगतो की पुढे युद्ध आहे.

"पुढचा भाग कधीचा?" आईने विचारलं.

"नाहीये आजी. काढलाच नाही."

"म्हणजे प्रकरण प्रलंबित?"

तन्मयने तिला समजावलं की हा चार तासांचा सिनेमासुद्धा कंपनी आधी काढणार नव्हतीच. लोकांनी काही वर्षं पिच्छा पुरवला, इंटरनेटवर मोहीम चालवली, जाहिरातींचे फलक लावले, विमानामागे मागणीचा फलक बांधून उडवला, तेव्हा कुठे २०२१ मध्ये बाहेर आला.

"विमान कशाला?" आई म्हणाली. "साध्या कागदावर होतं ते. वहीतलं एक पान दे. डावीकडे समास सोड. लिही. प्रति, माननीय व्यवस्थापक. विषय, पुढील सुनावणीची तारीख मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की..."

तन्मय खरंच लिहायला बसला. अर्ज पाऊण पान झाला. आईने तो चष्मा लावून वाचला, 'विनंती'च्या आधी 'नम्र' घालायला लावलं, आणि सही करण्यापूर्वी खाली डावीकडे बोट ठेवलं.

"इथे लिही, प्रत माहितीस्तव सादर. एक, बॅटमन. दोन, त्या लोखंडी मुलाला. मिशीवाल्याला नको."