ताईनो ‘समूळ नष्ट’ झाले नाहीत : एक खुलासा

कोलंबस 1492 मध्ये कॅरिबियन बेटांवर पोहोचल्यानंतर काही दशकांतच तिथले मूळ रहिवासी असलेले ताईनो लोक समूळ नष्ट झाले, असा मजकूर सध्या फिरत आहे. आजच्या हैती व डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या बेटावर सक्तीची मजुरी, उपासमार आणि देवीची साथ यांमुळे त्यांचा भीषण संहार झाला, हे खरे आहे आणि ते कदापि कमी लेखता येणार नाही; मात्र ‘समूळ’ हा शब्द चुकीचा आहे. एनरिकीयो या ताईनो प्रमुखाने याच बेटावरील बाओरुकोच्या डोंगरांतून 1519 पासून स्पॅनिश सत्तेशी झुंज दिली आणि 1533 मध्ये सन्मानाचा तह मिळवला. बहामातील सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या एका ताईनो स्त्रीच्या दातातील जनुकांचे आजच्या पोर्तो रिकोच्या रहिवाशांशी असलेले नाते 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. पोर्तुगीजांमार्फत मराठीत रुळलेला ‘बटाटा’ हा शब्दही मूळचा ताईनोंचाच, रताळ्यासाठी वापरला जाणारा.