नोटरीसाहेब, तारीख कोरीच ठेवा

वकिलीची आवश्यक वर्षे भरून आपल्याला नोटरीची सनद मिळाली, याबद्दल प्रथम आपले अभिनंदन. कोर्टाच्या फाटकाबाहेर टेबल, छत्री आणि शिक्क्यांचा डबा मांडून आपण बसलाच आहात, तेव्हा दस्ताच्या तळाशी दाखला कसा भरावा याविषयी चार हिताच्या गोष्टी सांगतो. मी वकील नाही. परंतु गेल्या महिन्यात एकाच प्रतिज्ञापत्रासाठी तीन खेपा घातल्यामुळे या विषयात माझा बराच अभ्यास झाला आहे.

‘माझ्यासमक्ष’ हा शब्द छापील असल्यामुळे समोर माणूस असण्याची गरज नाही. माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई वॉकर सावरत रिक्षातून उतरत होती, तेव्हा टेबलावरच्या टायपिस्टनेच “आजींना कशाला त्रास, सही तेवढी घेऊन या” असे मोठ्या मायेने सांगितले, आणि त्या मायेला मीही भुललो.

ओळख पटवणाऱ्याच्या जागी शेजारच्या टेबलावरील वकिलांचे नाव घालावे. ते सर्वांनाच ओळखतात.

शपथेवर सांगितलेला मजकूर, समोर झालेली सही आणि मुळाबरहुकूम असलेली नक्कल या तीन वेगळ्या गोष्टी असून त्यांचे दाखलेही वेगळे असतात, असे काही जुनी मंडळी म्हणतात. आपण मात्र डब्यातून जो शिक्का हाती येईल तो मारावा. पाच सेंटिमीटर व्यासाचा गोल शिक्का नेमका नावावर उमटला की खालचे काही वाचताच येत नाही, हा आणखी एक लाभ.

भाडेकरारही बेलाशक नोटरी करून द्यावेत. तो नोंदणीकृतच हवा असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५ सांगते, पण ते घरमालकाने पाहून घ्यावे.

आता तारखेविषयी. ती कोरी ठेवावी. आईच्या पासबुकात नावापुढे ‘बाई’ आहे आणि आधार कार्डावर नाही. या दोघी एकच आहेत, एवढे बँकेला लिहून हवे होते. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर आपल्या अशिलाने, म्हणजे आईने, ते लिहून दिले, आपण कोऱ्या तारखेवर सही केलीत आणि टायपिस्टने नंतर सवडीने ८ तारीख घातली. बँकेतल्या बाईंनी कागद उलटा केला, तर मुद्रांक विक्रेत्याने पाठीवर १० तारीख टाकलेली. मुद्रांक विकला जाण्याच्या दोन दिवस आधीच त्याच्यावर शपथ होऊन गेली होती! दुसऱ्या खेपेला आपण त्या आठावर व्हाइटनर फिरवून दहा केलेत, शेजारी छोटी सही मात्र केली नाहीत, म्हणून कागद पुन्हा परत आला. शिवाय बँकेने नोंदवहीचा अनुक्रमांक मागितला, कारण दाखल्यातली ती जागाही रिकामीच होती. तो घ्यायला मी तिसऱ्यांदा आलो, तेव्हा टायपिस्टने नोंदवही उघडली आणि मागच्या पानावर मध्येच सोडलेल्या तीन मोकळ्या ओळींपैकी एकीत आईचे नाव बसवायला घेतले. त्या ओळी कशासाठी राखून ठेवल्या आहेत? उरलेल्या दोन ओळींत उद्या कोणाचे मुखत्यारपत्र बसणार आहे, आणि त्यावर कोणाची जमीन विकली जाणार आहे? नोटरीसमोर झालेले मुखत्यारपत्र रीतसर झाले असे न्यायालय गृहीत धरते, ते तुमच्या याच नोंदवहीच्या भरवशावर ना?

पुरे झाला उपरोध. साहेब, दाखल्यातला मजकूर माझ्या आईचा नाही, तो तुमचा आहे. ही व्यक्ती अमुक दिवशी माझ्यासमोर आली, तिची ओळख पटली, तिने शपथ घेतली, असे तुम्ही स्वतःच्या सहीने सांगता. मग यातले काय तुम्ही पाहिलेत? माणूस बघायचा, ओळखपत्र बघायचे, मजकूर कळला का विचारायचे, तारीख आणि अनुक्रमांक आपल्या हाताने घालायचे, वहीत त्याची सही घ्यायची. फी घेता ती याचीच. एवढे होत नसेल तर टेबल आवरा.

त्याच तिसऱ्या खेपेला नव्या मुद्रांकासह मी आईला टेबलापर्यंत घेऊनच आलो. टायपिस्टने बोटाने जागा दाखवली, तिने सावकाश सही केली, चष्मा पुसला आणि तुम्हाला विचारले, “शपथ कधी घ्यायची?” तुम्ही मान वर न करता पुढचा कागद ओढलात.